निर्देशांक कामगारांचा, दिलासा इतरांना

वर्षातून दोनदा केंद्रीय मंत्रिमंडळ महागाई भत्त्याचा निर्णय घेते आणि राजधानीतील सरकारी वसाहतींत त्या बातमीची वाट पाहिली जाते. निवृत्त कर्मचाऱ्यांनाही त्याच दराने महागाई दिलासा मिळतो. यात गैर काहीच नाही. भाव वाढले की उत्पन्नही वाढावे, हा साधा न्याय आहे. प्रश्न उभा राहतो तो ही वाढ ठरविणाऱ्या मापाकडे पाहिल्यावर.

ते माप म्हणजे औद्योगिक कामगारांसाठीचा अखिल भारतीय ग्राहक मूल्य निर्देशांक. कामगार वस्तीतील डाळ-तांदूळ, कपडा, घरभाडे यांचे दर श्रम मंत्रालयाच्या अखत्यारीतील लेबर ब्युरो गोळा करतो. त्यावरून सरकारी निवृत्तांना दिलासा मिळतो. मात्र ज्याच्या नावाने हा निर्देशांक काढला जातो, त्या कामगाराच्या निवृत्तिवेतनाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. हे निवृत्तिवेतन देणारी भविष्य निर्वाह निधी संघटना त्याच श्रम मंत्रालयाच्या छत्राखाली आहे, हे विशेष.

खासगी आस्थापना, सहकारी कारखाने आणि महामंडळे यांतील कर्मचाऱ्यांसाठी १६ नोव्हेंबर १९९५ रोजी कर्मचारी निवृत्तिवेतन योजना लागू झाली. मालकाच्या वाट्यातील ८.३३ टक्के आणि केंद्राचे १.१६ टक्के, तेही ठरावीक वेतनमर्यादेपर्यंतच, या निधीत जमा होतात. ही मर्यादा २००१ साली ६५०० रुपये झाली, ती थेट २०१४ साली १५ हजारांवर गेली. वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागायचे, असे सूत्र आहे. ६५०० रुपयांच्या मर्यादेत २० वर्षे राबलेल्याच्या हाती त्यानुसार महिना १८५७ रुपये पडतात आणि पुढे ते तेवढेच राहतात.

१ सप्टेंबर २०१४ पासून किमान रक्कम १००० रुपये करण्यात आली. त्या मानाने सरकारी सेवेतील व्यवस्था पाहावी. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या एकीकृत निवृत्तिवेतन योजनेत १० वर्षांच्या सेवेनंतर किमान १० हजार रुपयांची हमी आहे आणि वर महागाई दिलासाही. कामगारांच्या योजनेतही पात्रतेची अट १० वर्षांचीच आहे.

सातव्या वेतन आयोगानंतर २०१६ साली शून्यापासून मोजलेला महागाई भत्ता जुलै २०२५ मध्ये ५८ टक्क्यांवर पोहोचला. म्हणजे तेव्हा १००० रुपयांत भागणाऱ्या खर्चाला १५८० रुपये लागू लागले, हे सरकारच्याच हिशेबाने सिद्ध होते. कामगाराच्या किमान निवृत्तिवेतनाला मात्र हा हिशेब लागू नाही.

ज्यांच्या नशिबी आस्थापनाच नव्हती, त्या दारिद्र्यरेषेखालील वृद्धांची स्थिती आणखी बिकट आहे. राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातील केंद्राचा वाटा २००६ साली ७५ वरून २०० रुपये झाला. ८० वर्षांवरील वृद्धांसाठी तो २०११ साली ५०० झाला; बाकीच्यांचे २०० मात्र तसेच राहिले. राज्ये आपापल्या कुवतीप्रमाणे भर घालतात; महाराष्ट्राने २०२३ साली श्रावणबाळ योजनेची रक्कम १५०० रुपयांवर नेली. त्यामुळे वृद्धाची भाकरी किती मोठी, हे त्याचे राज्य ठरवू लागले.

निधी अंशदानावर उभा आहे, वाढ दिली तर तो तुटीत जाईल, हा अर्थखात्याचा युक्तिवाद निराधार नाही. कामगाराचे स्वतःचे अंशदान भविष्य निर्वाह निधीत जाते व त्याला एकरकमी मिळते, हेही खरे. तथापि, निवृत्तिवेतन निधीतील केंद्राचा वाटा अवघा १.१६ टक्के असताना तुटीचा सारा भार वृद्धांवर टाकणे हा आर्थिक नाइलाज नव्हे. ती राजकीय निवड आहे. भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या याचिका समितीने २०१३ सालीच किमान ३००० रुपये आणि महागाईची जोड सुचविली होती. हेच कोश्यारी पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले, आणि त्याच महाराष्ट्रातील बुलढाण्यातून निवृत्तांचे आंदोलन दिल्लीच्या जंतरमंतरपर्यंत आले.

राज्यघटनेचे ४१ वे कलम वृद्धापकाळातील साहाय्याची जबाबदारी राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत राज्यावर टाकते. कुवतीची ती मर्यादा किमान रक्कम किती असावी हे ठरविताना जरूर पाहावी. परंतु एकदा ठरलेली रक्कम महागाईने झिजू न देण्यासाठी नवा आयोग नेमण्याची गरज नाही. मोजमाप दरमहा होतच आहे. ते ज्याच्या नावाने होते, त्याच्यापर्यंत पोहोचविणे एवढेच बाकी आहे.