शंभर वर्षांची प्रार्थना आणि एक खोटी भिंत

हार्लेम, नेदरलँड्स. विलेम टेन बूम यांनी १८३७ मध्ये इथे घड्याळांचं दुकान काढलं. येशूवर श्रद्धा असलेलं हे कुटुंब १८४४ पासून घरात ज्यू लोकांसाठी प्रार्थना करू लागलं. येशू ज्यू होता, मग त्याची माणसं परकी कशी? इतकी साधी त्यांची भावना.

शंभर वर्षांनी ही प्रार्थना कसोटीला लागली. विलेम यांची नात कोरी ही देशातली पहिली परवानाधारक महिला घड्याळजी. नाझी राजवटीत तिच्या खोलीत खोटी भिंत बांधली गेली आणि तिच्यामागे ज्यू लपू लागले. २८ फेब्रुवारी १९४४ ला धाड पडली. भिंतीमागचे सहाजण सापडलेच नाहीत, पण कुटुंबाला पकडून नेलं. ८४ वर्षांचे वडील कास्पर दहा दिवसांत कैदेतच वारले. बहीण बेटसी राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत वारली.

मला सर्वाधिक भिडतं ते पुढचं. सुटून आलेली कोरी कडवट झाली नाही. साठहून अधिक देश फिरून ती क्षमेबद्दल बोलत राहिली! १९६७ मध्ये इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने तिचा गौरव केला. ते घर आता संग्रहालय आहे. हॉलंडला गेलात तर नक्की बघा.