‘शेतकऱ्यां’मधला पापणीचा र

वाशिम लिहायचे की वाशीम? दुकानांच्या पाट्यांवर, लग्नपत्रिकांत, अर्जांवर दोन्ही रूपे दिसतात आणि वाचणाऱ्याचे काही अडत नाही. संगणकाचे मात्र अडते. त्याला अक्षर दिसत नाही, क्रमांक कळतो. युनिकोड या जागतिक अक्षरसूचीत ‘श’चा क्रमांक २३५८, पहिल्या वेलांटीचा २३६७ आणि दुसरीचा २३६८. एका आकड्याचा फरक पडला की संगणकाच्या लेखी ते दुसरे गाव झाले. साधा शोध ‘वाशिम’ शोधताना ‘वाशीम’ची नोंद ओलांडून पुढे जातो. मंगरूळपीर या गावाच्या नावाचे तर आणखी कठीण. उकार पहिला की दुसरा, हा एक घोळ. त्यात कुणी ‘ळ’च्या जागी ‘ल’ ठेवला की तिसरेच नाव तयार. वऱ्हाडी तोंडात डोळ्याचा ‘डोया’ होतो, आणि ते ऐकायला गोडच लागते. पण नोंदीत ‘ळ’ हा ‘ळ’च हवा.

हा त्रास एकट्या मराठीचा नाही. स्पॅनिश भाषा रोमन लिपीत लिहितात, तरीही इंग्रजी कळफलकात ती पुरती मावत नाही. ‘पापा’ या शब्दात शेवटच्या स्वरावर तिरकी रेघ असेल तर अर्थ वडील, नसेल तर बटाटा. ‘एन’वर नागमोडी रेघ आली की त्याचा उच्चार जवळपास ‘न्य’ होतो. मध्ययुगात हस्तलिखिते उतरवणारे लोक जोडीने आलेल्या दोन ‘एन’पैकी एक जागा वाचवण्यासाठी दुसऱ्याच्या डोक्यावर बारीक लिहीत. त्याचीच पुढे ही रेघ झाली. आपण ‘पन्त’मधला ‘न्’ काढून ‘प’वर टिंब देतो, तीच ही युक्ती.

नागमोडी रेघेचे हे ‘एन’ नसलेले संगणक विकण्यास स्पेनमध्ये बंदी होती. १९९१ मध्ये युरोपीय समुदायाने या नियमावर व्यापारातला अडथळा म्हणून हरकत घेतली. नियम मागे घ्या, असा आग्रह झाला. लेखक खवळले, गाब्रिएल गार्सिया मार्केसनेही त्या अक्षराची बाजू मांडली. अखेर १९९३ मध्ये स्पेनने हुकूम काढून कळफलकावरची त्याची जागा कायम ठेवली. एका अक्षरासाठी एक देश एवढा ठाम राहिला, याचा मला आदर वाटतो.

स्पॅनिश कळफलकावर तिरक्या रेघेची कळ दाबली तर पडद्यावर काहीच उमटत नाही. पुढचा स्वर दाबला की रेघेसकट येतो. ही ‘डेड की’ टाइपरायटरकडून आली. मराठी टायपिंगचा क्लास केलेल्यांना ती ओळखीची आहे, कारण काही खुणांच्या कळा दाबल्या तरी गाडा जागचा हलत नसे. ‘शि’ लिहिताना तेव्हा आधी वेलांटी आणि मग ‘श’ मारावा लागे, कारण कागदावर वेलांटी डावीकडे असते. युनिकोडने क्रम उच्चाराप्रमाणे लावला. आधी ‘श’, मग वेलांटी. ती डावीकडे नेऊन बसवण्याचे काम फॉन्ट करतो. मधल्या काळात कृतिदेवसारखे फॉन्ट आले. त्यांनी रोमन अक्षरांच्याच क्रमांकांवर मराठी आकार चढवले. म्हणून तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती फाइल उघडली की रोमन अक्षरांचा नुसता खिचडा दिसतो.

युनिकोडनेही सगळे प्रश्न सोडवले नाहीत. सोयाबीन आणि तुरीच्या वाशिम जिल्ह्यात कागदोपत्री सतत येणारा शब्द घ्या: ‘शेतकऱ्यांना’. डोळ्यांना ही पाच अक्षरे, संगणकासाठी अकरा क्रमांक. यात पापणीसारखा दिसणारा अर्धा ‘र’ आहे. तो चुकला तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, म्हणजे दरीच्या जागी समुद्र येतो. हा ‘र’ दोन वाटांनी उमटतो. एक वाट २३५३ क्रमांकाच्या ‘ऱ’ची. दुसरी वाट साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे ८२०५ क्रमांकाची अदृश्य सांधणी घालायची. पडद्यावर दोन्ही शब्द सारखेच दिसतात, आत मात्र क्रमांकांच्या वेगळ्या रांगा असतात. त्यात ‘शेतकर्यांना’ हे चुकीचे रूपही सर्रास वापरले जाते. एकाच शब्दाची अशी तीन रूपे साठली तर यादीतली नोंद सापडायची कशी?

‘ॲ’ची कथा तर मनाला लागणारी आहे. स्पेनचा वाद पेटला त्याच १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यात ‘ए’वर चंद्र असलेले ‘ऍ’ होते, मराठीचे ‘ॲ’ नव्हते. त्याला २४१८ हा स्वतःचा क्रमांक २००८ मध्ये मिळाला. तोवर लोकांनी ‘अ’पुढे चंद्र जोडून भागवले, आणि ती सवय आजही आहे. स्पॅनिश अक्षराला इथे संरक्षण आहे. २४१ क्रमांकाचे तयार अक्षर आणि ‘एन’पुढे ७७१ क्रमांकाची रेघ जोडून केलेले अक्षर एकच मानावे, असा युनिकोडचा नियम आहे. ‘ॲ’च्या दोन रूपांसाठी असा नियम नाही. जोडून केलेले रूप वापरू नये, एवढाच सल्ला आहे. राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालेत ‘ॲ’ आणि ‘ऑ’ आहेत. ते लिहायचे कसे, हे आता हातांनी शिकायचे आहे.

माझे मत स्पष्ट आहे. रोमनमध्ये लिहून मराठी उमटवण्याची सोय निरोपापुरती ठीक. ज्यांच्या हातून नावे, गावे आणि जमिनी नोंदल्या जातात, त्यांनी १९८६ मध्ये आखलेला इनस्क्रिप्ट कळफलक शिकावा. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला. ‘ल’ आहे ‘एन’च्या कळीवर, आणि शिफ्ट धरून तीच कळ दाबली की मंगरूळचा ‘ळ’ येतो. स्पेनने नागमोडी रेघेच्या ‘एन’साठी एवढे केले आणि साध्या ‘एन’ची कळ आपल्या ‘ळ’ची असावी, हा योगायोग मला फार आवडतो. आज संगणकावर बसाल तेव्हा एकदा ‘शेतकऱ्यांना’ लिहून पाहा. शिफ्ट धरून ‘जे’ दाबला की ‘ऱ’, ‘डी’ दाबला की हलन्त, आणि उजवीकडच्या तिरक्या रेघेची कळ दाबली की ‘य’.