जीन्स घ्यायची, तर आपल्या मापाची



बैठकीत हिशोब झाला, वही मिटली की कुणीतरी हळूच विचारतं, “मॅडम, आम्ही या वयात जीन्स घातली तर बरी दिसेल का?” विचारणाऱ्या बहुतेक चाळिशी-पन्नाशीच्या असतात. कुणी बँक सखी म्हणून स्कूटीवरून गावं फिरते, कुणाला प्रशिक्षणासाठी एसटीनं जिल्ह्याला जावं लागतं. कुणाला लेकीनं हौसेनं जीन्स आणून दिलेली असते, पण ती कपाटातच पडून राहते. एक तर कमरेला काचते, नाहीतर लोक काय म्हणतील याची धास्ती.

आधी लोकांचं बघू. जीन्स हा मुळात कष्टकऱ्यांचा कपडा आहे. अमेरिकेत जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याकडे एका लाकूडतोड्याची बायको आली आणि नवऱ्यासाठी न फाटणारी पँट मागितली. त्यानं खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याच्या खिळ्या ठोकल्या. पुढं 1873 मध्ये त्यानं आणि कापडव्यापारी लेव्ही स्ट्रॉस यांनी मिळून त्याचं पेटंट घेतलं. बायकांसाठी वेगळी जीन्स त्याच कंपनीनं 1934 मध्ये आणली. कामाच्या जाड कापडाला इंग्रजीत ‘डंगरी’ म्हणतात, तो शब्द तर आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून गेलेला. मग शेतात, बँकेत, बाजारात राबणाऱ्या बाईनं ती घातली तर त्यात वावगं काय?

आता शरीराचं. पाळी जायच्या सुमारास अंगातलं इस्ट्रोजेन कमी होतं आणि चरबी पोटाभोवती जास्त साठायला लागते. वजन तेवढंच असलं तरी जुना कपडा कमरेत बसत नाही. यात लाजण्यासारखं काही नाही. शरीर बदललं, तर माप बदलायचं. पोट आत ओढून बटण लावायचं नाही.

माप घरूनच घेऊन जा. टेपनं दोन मापं घ्या: कंबर, आणि सीट म्हणजे बसायच्या जागेचा सर्वात रुंद घेर. टेप नसेल तर सुतळीनं मोजा आणि सुतळी फूटपट्टीला लावा. जीन्सवरचा 32, 34, 36 हा आकडा साधारण कमरेचे इंच सांगतो, पण प्रत्येक कंपनीचा थोडा वेगळा निघतो. म्हणून आकड्यावर जाऊ नका, घालून बघा.

सीटवरून घ्या, कंबर टेलरकडून बसवा. हे एवढं एक लक्षात ठेवलं तरी पुरे. सीट आणि मांडीत नीट बसणारी जीन्स कमरेत सैल असेल तर टेलर ती आत घेऊन देतो. मांडीत घट्ट असलेली मात्र सैल करता येत नाही, कारण आत तेवढं कापडच नसतं.

कंबर उंच हवी. लो वेस्ट जीन्स पोटाखाली रुतते आणि वाकलं की मागून घसरते. मिड वेस्ट किंवा हाय वेस्ट मागा. पोट जास्त असेल तर रुंद, मऊ इलॅस्टिकची कंबर बरी पडते. लघवीला वारंवार जावं लागत असेल तर बटण-चेन झटकन उघडते का, तेही दुकानातच बघून घ्या.

कापड लेबल वाचून घ्या. जवळपास 98 टक्के कॉटन आणि 2 टक्के इलास्टेन (यालाच स्पॅन्डेक्सही म्हणतात) असलं की कापड गुडघ्यात ताणतं आणि पुन्हा जागेवर येतं. पॉलिस्टर जास्त असेल तर आपल्याकडच्या उन्हात घाम जिरत नाही, जांघेत खाज येते. उन्हाळ्यासाठी पातळ डेनिमच घ्या.

दिसायला. गडद निळा, एकसारखा रंग सगळ्यांना शोभतो. मांडीवर पांढरट पट्टे असले की नजर तिथंच जाते. पाय सरळ, म्हणजे स्ट्रेट फिट घ्या. पोटरीला चिकटणारी नको. मागचे खिसे फार छोटे आणि लांब लांब असले की सीट अजून रुंद दिसते. वर गुडघ्याच्या जरा वर येणारी, बाजूला चिरा असलेली कुर्ती घातली की झालं.

दुकानात लाजू नका. ट्रायल रूममध्ये खाली बसा, उकिडवं बसा, स्कूटीवर टाकतो तसा पाय टाकून बघा. बसल्यावर कमरेत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. काढल्यावर अंगावर खोल वळ उठला असेल तर ती जीन्स तिथंच ठेवून या.

काचाकडे दुर्लक्ष करू नका, ताई. कमरेत फार घट्ट कपडा रोज घातला तर मांडीकडे जाणारी एक नस दबते आणि मांडीची बाहेरची बाजू बधिर होते, तिथं मुंग्या येतात. साडीलाही हे लागू आहे बरं का! परकराची नाडी किंवा साडीच वर्षानुवर्षं कमरेला एकाच जागी करकचून बांधल्यानं जखम झाली आणि तिचा पुढं त्वचेचा कर्करोग झाला, अशा दोन बायकांची माहिती वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी 2024 मध्ये प्रसिद्ध केली. म्हणून नाडी सैल बांधा, जागा बदलत राहा. कमरेवर न भरणारी जखम किंवा चट्टा दिसला तर आरोग्य केंद्रात दाखवा.

घरी आणल्यावर जीन्स आधी एकदा धुवा, मगच खालून दुमडून शिवा, कारण कॉटन आटतं. पहिले दोन-तीन वेळा वेगळी धुवा, नाहीतर निळा रंग दुसऱ्या कपड्यांना लागतो. उलटी करून गार पाण्यात धुवायची आणि सावलीत वाळवायची.

आणि मशीनवाल्या ताईंनो, हे तुमच्यासाठी. जीन्सला 16 नंबरची सुई आणि जाड दोरा लागतो, साध्या सुईनं काम केलं तर ती मोडते. कंबर आत घेणं आणि उंची कमी करणं ही दोन कामं हातात बसली, तर गावातल्या पोरांच्या जीन्सही तुमच्याकडेच येतील.

जीन्स घातलीच पाहिजे असं काही नाही. साडीत बरं वाटतं तिनं साडीच नेसावी. पण मनात असूनही वयाकडे बघून थांबली असाल, तर पुढच्या बैठकीला एक टेप घेऊन या. हिशोब झाला की एकमेकींची मापं घेऊ.