जुन्या लेन्सचा नवा संसार

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी लोखंडी पाने, घड्याळांची यंत्रे आणि फुटके ट्रान्झिस्टर यांच्या ढिगात एखादा जुना कॅमेरा सापडतो. कॅमेरा बहुधा मेलेला असतो. त्याची लेन्स मात्र जिवंत असू शकते. ती आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर कशी चालते, ते सांगण्यासाठी हा लेख. आपल्या भोसरी-चाकणच्या मुलांना तो अवघड वाटू नये, कारण विषय निम्मा प्रकाशाचा आणि निम्मा लेथचा आहे.

ऑस्कर बार्नाक हा जर्मनीतील वेट्झलारच्या लाइट्स कारखान्यातला यंत्रकारागीर. सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा, खिशात मावणारा कॅमेरा त्याने बनवला. तो १९२५ साली ‘लायका’ या नावाने बाजारात आला. १९३२ च्या लायकात रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजण्याची युक्ती, आतच बसवली गेली. बघणाऱ्याला एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसत. लेन्स फिरवता फिरवता त्या एकमेकींवर बसल्या की अंतर जुळले. आत आरसा नसल्याने लेन्स फिल्मच्या जवळ बसे आणि म्हणून ती सुपारीच्या डबीएवढी लहान करता येई. आंरी कार्तिए-ब्रेसाँ असाच कॅमेरा घेऊन हिंदुस्थानात आला होता. ३० जानेवारी १९४८ रोजी, हत्येच्या थोडाच वेळ आधी, तो गांधीजींना भेटला. सोव्हिएत संघात लायकाच्या धर्तीवर १९३४ पासून ‘फेड’ आणि १९४८ पासून ‘झोर्की’ निघाले. माझ्याकडे आहे ती झोर्कीवरची ‘इंडस्टार-२२’. हिची नळी ओढली की बाहेर येते आणि दाबली की आत जाते.

आता मुख्य हिशोब. या लेन्सची बैठक फिल्मपासून बरोबर २८.८ मिलिमीटरवर असावी लागते. आरशाच्या कॅमेऱ्यांत हे अंतर मुळातच जास्त. निकॉनच्या जुन्या बैठकीत ते ४६.५ आहे. तिथे ही लेन्स लावली तर दूरचे काहीच स्पष्ट दिसणार नाही. २००८ पासून बिनआरशाचे डिजिटल कॅमेरे आले आणि अडचण सुटली. माझ्या मामेभावाचा जुना सोनी त्यांपैकीच. त्याचे अंतर १८ मिलिमीटर. मध्ये १०.८ मिलिमीटर जाडीची एक कडी बसवली की काम झाले! या कडीला अ‍ॅडॉप्टर म्हणतात. तीत काच नसते, वीज नसते, असतात फक्त आटे.

पण ते १०.८ खरोखर १०.८ हवे. माझे वडील भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर आहेत. मागवलेली कडी त्यांनी मायक्रोमीटरमध्ये धरली आणि म्हणाले, “दहा अठ्ठ्याहत्तर. दोन शतांश कमी आहे पोरी, चालेल?” चालते. कडी किंचित पातळ असली तर लेन्स अनंताच्या थोडी पलीकडे फिरते, एवढेच. जाड असली तर मात्र घात. ५० मिलिमीटरच्या लेन्सला दशांश मिलिमीटर जाडी वाढली, तरी सुमारे २५ मीटरपलीकडचे धूसर होते. हे गणित मी कागदावर मांडून दाखवले, तेव्हा वडील बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले.

लेन्स बसली तरी कॅमेऱ्याला ती ओळखू येत नाही. म्हणून ‘लेन्सशिवाय शटर’ ही सोय चालू करावी. दोन प्रतिमांची गंमत इथे नाही. पडद्यावर चित्र मोठे करून फोकस साधावा. ज्यांना घाई आहे त्यांनी छिद्र ८ वर, अंतर ५ मीटरवर ठेवावे. साधारण ४ ते ७ मीटरांतले सर्व नीट येते. पाळी सुटताना गेटाबाहेर पडणारी सायकलींची आणि बसची गर्दी मी रस्त्याच्या पलीकडून अशीच टिपते. गेटाच्या आत कॅमेऱ्याला मज्जाव असतो. सोनीचा सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असल्याने ५० ची लेन्स ७५ सारखी दृश्य जवळ ओढते.

दोष आहेतच. काचेवरचा लेप जुना. चाकणच्या तळेगाव चौकात रात्री समोरून ट्रकांचे दिवे आले की चित्रावर दुधाळ पडदा चढतो. (मला तो आवडतो, आमच्या सरांना नाही.) २८ मिलिमीटरसारख्या रुंद लेन्सांचे किरण सेन्सरच्या कडांवर फार तिरपे पडतात, त्यामुळे कोपरे पुसट होतात, नवशिक्याने ५० च घ्यावी. नळीची लेन्स कॅमेऱ्यावर असताना आत दाबू नये, सेन्सरला लागेल. पावसाळ्यात बुरशी धरते. विकत घेण्यापूर्वी टॉर्च लावून काचेत जाळे दिसते का पाहावे.

सर्वांत मोठी अडचण म्हणजे ही लेन्स १ मीटरच्या आत पाहत नाही. वडिलांचा कामावरचा एकही फोटो आमच्या घरी नव्हता. होता तो गेटपासवरचा, शिक्का पडलेला. साहेबांच्या परवानगीने एका दुपारी वर्कशॉपमध्ये गेले. मला लेथवरचे हात हवे होते. वडिलांनीच विचारले, “आटे केवढ्याचे आहेत?” एका फेऱ्याला जवळजवळ एक मिलिमीटर. मग लेन्स कडीतून एक पूर्ण फेरा सैल केली. ती एक मिलिमीटर पुढे आली आणि पाऊण मीटरच्या आसपास फोकस लागला. सैल लेन्स डाव्या हाताने धरून, छिद्र ३.५ वर पूर्ण उघडे ठेवून सात फोटो काढले. चौथ्यात बोटांवरचा कुलंटचा थेंब स्पष्ट आला आहे.