सागवानाच्या पोटातला कोन

अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहून सागवान गेलं, हे आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या जंगलातलं हे लाकूड आतून कसं असतं?

लाकडाचा प्रत्येक तंतू म्हणजे एक पोकळ नळी. तिच्या भिंतीत सेल्युलोजचे जेमतेम ३-४ नॅनोमीटर जाडीचे धागे मळसूत्रासारखे गुंडाळलेले असतात. ते नळीच्या लांबीशी किती कोन करतात, त्यावर बरंच काही ठरतं. कोन लहान, तर लाकूड ताठ. कोन मोठा, तर ते वाकतं आणि वाळताना लांबीतही आकसतं. झाडाच्या अगदी मध्याजवळ, कोवळ्या वयात तयार झालेल्या लाकडात हा कोन सहसा मोठा असतो. नुसत्या वजनावरून हे कळत नाही.

इथे क्ष-किरण कामाला येतात. सेल्युलोजचे रेणू स्फटिकासारखे रांगेत असल्याने लाकडाच्या पातळ चकतीतून गेलेले किरण ठरावीक दिशांना वळतात आणि पलीकडे चंद्रकोरीसारखे ठसे उमटतात. ठसा जितका पसरट, तितका कोन मोठा! ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ संस्थेने विकसित केलेल्या सिल्व्हीस्कॅन यंत्राने असं मोजमाप वाढीच्या एकेका वलयात करता येतं. मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की नमुन्याला खोडातून काढलेली बारीक कांडी पुरते. झाड उभंच राहतं.