पऱ्हाटीतलं बेट

धुळीत वाघाचा पंजा उमटलेला दिसला की जिप्सीतले पाहुणे मोबाइल बाहेर काढतात. गाईड आधी टायरची नक्षी बघतो. पंजा टायरच्या रेघांवर असेल तर जनावर शेवटच्या गाडीनंतर गेलं. टायर पंजावरून गेला असेल तर गाडीच्या आधी. पहाटेची पहिलीच गाडी असेल तर दव कामाला येतं. सागाच्या पानांवरून रात्रभर टपकलेल्या थेंबांनी धुळीला बारीक टिपके पडलेले असतात. ते टिपके पंजाच्या ठशातही दिसले तर ठसा मध्यरात्रीचा, आणि पंजाने ते दाबून सपाट केले असतील तर तासाभरातला.

टिपेश्वर अभयारण्यात गाडीतून खाली उतरायची परवानगी नसते. म्हणून आमचा गाईड लोखंडी दांडा धरून कमरेतून बाहेर वाकला आणि धुळीपासून हातभर अंतरावरून पाहत राहिला. मग सरळ होत म्हणाला, “मादी हाय. पंजा लांबट पाहा. नराचा चौकोनी येते.” नखं उमटलेली नव्हती. मांजरकुळातली जनावरं चालताना नखं आत ओढून घेतात, तरसाची आणि कुत्र्याची बाहेर राहतात, हे त्याने मागच्या सीटवरच्या शाळकरी मुलाला समजावून सांगितलं. मुलाने विचारलं, “मग ती आता कुठे असेल?” उत्तर लगेच आलं नाही. त्याने मान तिरकी केली आणि चालकाच्या खांद्यावर दोन बोटं ठेवली. चालकाने इंजिन बंद केलं.

गाईडच्या कामाचा गाभा मला त्या दोन बोटांत दिसला. पाहुण्यांना वाटतं, गाईड म्हणजे डोळे. खरं तर तो कान असतो. जंगलातला वाघ दिसण्याआधी ऐकू येतो, आणि तोही दुसऱ्यांच्या तोंडून. चितळाचा शिट्टीसारखा तीक्ष्ण आवाज, वानराचं खाकरणं, मोराचं ओरडणं, टिटवीची टिवटिव, सांबराचा खोल, घंटेवर एकच टोला पडावा तसा आवाज. या सगळ्यांना इथे एकच शब्द आहे, ‘कॉल’. पण सगळे कॉल सारख्या किमतीचे नसतात. “चितळाले काय, पान हललं तरी वरडते,” गाईड म्हणाला. “सांबर खोटं नाही बोलत.” वानरावरही तो भरवसा ठेवतो, कारण ते उंचावर बसलेलं असतं आणि खालचं गवत त्याला वरून दिसतं. वानर कोणत्या दिशेला तोंड करून ओरडतंय ते बघायचं. ते वाघाकडेच बघत असतं. वाघ चालू लागला की वानराची मानही फिरते, आणि त्या मानेवरून खालची अदृश्य वाट कळते.

त्या सकाळी आधी वानर खाकरलं, मग थोड्या वेळाने सांबर. दोन आवाजांच्या मधल्या जागेवरून गाईडने अंदाज बांधला. जनावर नाल्याच्या काठाने उतरतंय, पुढच्या वळणावर रस्ता ओलांडेल. गाडी तिकडे पळवावी असं सगळ्यांनाच वाटत होतं. त्याने मात्र चालकाला उलट, मागे घ्यायला सांगितली. वळणावर गाडी उभी केली तर वाघीण गाडी बघून नाल्यातच बसून राहील, हे त्याचं म्हणणं. आम्ही लांब, बांबूच्या आडोशाला थांबलो. किती वेळ गेला ते मी पाहिलं नाही. मग पिवळसर गवतातून ती निघाली, रस्त्याच्या मधोमध आली, एकदा आमच्याकडे बघितलं आणि पलीकडच्या पळसांत शिरली. मागच्या सीटवरच्या मुलाला फक्त शेपूट दिसलं. गाईड त्याच्याकडे वळून म्हणाला, “तिनं तर तुले पाह्यलं ना? बस झालं.”

हे जंगल यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पांढरकवड्याजवळ आहे. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ त्याच्या बाजूने जातो, आणि पैनगंगेपलीकडे तेलंगण सुरू होतं. १९९७ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्रफळ सुमारे १४८ चौरस किलोमीटर, म्हणजे व्याघ्रप्रकल्पांच्या मानाने लहानच. टिपाई देवीवरून नाव पडलं. टिपेश्वर नावाचं गावही आत होतं, त्याचं पुनर्वसन झालं, आणि गाव उठून गेल्यावर तिथे गवत वाढलं. गवतामागे चितळ आले, चितळांमागे वाघ. साग, पळस, मोह, तेंदू, धावडा, सालई ही इथली झाडं. कोलाम आणि गोंड वस्त्या आजूबाजूला आहेत, कोलामांच्या वस्त्यांना पोड म्हणतात.

पण या जंगलाचं खरं चित्र आतून कळत नाही, कडेवरून कळतं. कुंपण संपलं, की लगेच पऱ्हाटी सुरू होते. नजर पोचेल तिथवर कापूस, मध्ये तुरीच्या ओळी, अधूनमधून सोयाबीन. टिपेश्वर हे कापसाच्या समुद्रातलं एक बेट आहे. ‘बेट’ हा शब्द जीवशास्त्रातही वापरतात. रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन यांनी १९६७ मध्ये बेटांच्या जीवशास्त्रावर पुस्तक लिहिलं. बेट जितकं लहान आणि मुख्य भूमीपासून जितकं लांब, तितक्या कमी जाती तिथे टिकतात, असा त्यांचा हिशेब होता. तो समुद्रातल्या बेटांसाठी मांडला होता, पण शेतांनी वेढलेल्या जंगलांनाही तो लागू पडतो हे पुढे लक्षात आलं. १४८ चौरस किलोमीटरमध्ये वाघिणींना बछडे होतात, बछडे वाढतात, आणि दोन-अडीच वर्षांच्या नराला बापाच्या हद्दीत जागा उरत नाही. त्याला समुद्रात उतरावंच लागतं.

टिपेश्वरच्या एका नराने हे केलं, आणि जगाने ते पाहिलं. त्याचं नाव टी१सी१, म्हणजे टी१ वाघिणीचा पहिला बछडा. फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसवली. जून २०१९ मध्ये तो अभयारण्य सोडून निघाला. आदिलाबादकडे गेला, परत महाराष्ट्रात आला, मराठवाडा आणि वऱ्हाड ओलांडून डिसेंबरमध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तिथलं फिरणंही धरून साधारण नऊ महिन्यांत सुमारे ३ हजार किलोमीटर. त्याला ‘वॉकर’ हे नाव पडलं. तो दिवसा नाल्यांच्या झुडपांत पडून राहायचा, रात्री चालायचा. इतकी गावं, रस्ते, वावरं ओलांडली आणि बहुतेकांना तो गेल्याचा पत्ताही लागला नाही. आमचा गाईड त्याच्याबद्दल बोलतो तो शेजारच्या घरातलं पोरगं परगावी कामाला गेल्यासारखं. “पोट्टं हिमतीचं निघालं,” एवढंच म्हणतो.

सगळ्यांच्या वाट्याला ही हिंमत सरळ आली नाही. याच पांढरकवडा विभागातल्या राळेगाव भागात वावरणाऱ्या अवनी वाघिणीला १३ माणसांच्या मृत्यूंसाठी जबाबदार धरण्यात आलं, आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती गोळीने मारली गेली. मुंबई-पुण्यात तिला मारण्यावरून पेटलेला वाद वर्तमानपत्रांतून वाचला गेला. इथे त्याआधीची दोन वर्षं बायका वावरात एकट्या जात नव्हत्या. या दोन्ही गोष्टी एकाच मातीतल्या आहेत, आणि टिपेश्वरचा गाईड त्या दोन्ही सोबत घेऊन रोज गेटवर उभा राहतो. मला हे सर्वात महत्त्वाचं वाटतं. बाहेरून आलेल्या निसर्गप्रेमीला फक्त वॉकर आठवतो. गाईडला अवनीही आठवते.

इंजिन बंद करायला सांगणारी ती दोन बोटं माझ्या मनातून जाईनात. जिप्सी चालू असते तोवर गाईडचा कान मेलेला असतो. म्हणून तो दर काही अंतरावर थांबतो, ऐकतो, पुन्हा निघतो. मारुतीने सामान्य ग्राहकांसाठी जिप्सी बनवणं २०१९ मध्येच थांबवलं. आज जंगलांतून धावणाऱ्या जिप्सी जुन्या आहेत, त्या केव्हा ना केव्हा बदलाव्या लागतीलच. मग बॅटरीवरची गाडी का नको? ग्रीसच्या आस्टिपालिया बेटाने असा प्रयोग हाती घेतला आहे. बेट सुमारे ९७ चौरस किलोमीटरचं, टिपेश्वरपेक्षाही लहान. २०२० मध्ये ग्रीक सरकार आणि फोक्सवॅगन यांनी करार केला, की बेटावरची वाहतूक टप्प्याटप्प्याने विजेवर न्यायची. पोलिसांच्या गाडीपासून भाड्याच्या सायकलींपर्यंत. लहान बेटाला ते जमतं, कारण अंतरं कमी असतात आणि बॅटरी एका दिवसाला पुरते. टिपेश्वरची सफारीही अशीच आखलेली असते, ठरलेला वेळ, ठरलेले रस्ते, संध्याकाळी गाडी गेटवर परत.

हे मी गाईडला सांगितलं. त्याला कल्पना आवडली, पण लगेच मान हलवली नाही. “आवाज नसन तर आमाले चांगलं आयकू येईन, हे खरं हाय. पण जनावरालेही आमचा आवाज आला पाहिजे. अस्वलाले तर पाहिजेच.” अस्वलाची नजर आणि कान दोन्ही अधू. ते नाक खाली घालून मुंग्या-वाळवी शोधत असतं, आणि एकदम कोणी समोर आलं की घाबरून अंगावर येतं. मोहाची फुलं वेचायला पहाटे जाणारी माणसं म्हणूनच बोलत, खाकरत जातात. जिप्सीचा आवाज जनावरांना पाठ झाला आहे. त्यांना तो लांबून कळतो आणि ती बाजूला होतात. मुकी गाडी वळणावर अचानक समोर आली तर काय, हा त्याचा प्रश्न मला अगदी रास्त वाटला. आस्टिपालियात रस्त्यावर अस्वल येत नाही. तरीही माझं मत बॅटरीच्याच बाजूने आहे. वेग कमी ठेवला, वळणाआधी हळू हॉर्न दिला, तर उरलेल्या सगळ्या रस्त्यावर गाईडचा कान उघडा राहील. ही गोष्ट पाहुण्यांच्या सोयीपेक्षा मोठी आहे.

कारण पाहुण्यांची सोय कुठवर जाते ते विदर्भाने पाहिलं आहे. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिचे ५ बछडे रस्त्यावर असताना दोन्ही बाजूंनी जिप्सींनी त्यांची वाट अडवली. चित्रफीत पसरली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक आणि गाईडांवर कारवाई झाली. ती व्हायलाच हवी होती. पण गाडीत बसून “पुढे घ्या, अजून पुढे घ्या” म्हणणारा पाहुणा घरी गेला, आणि रोजी गेली ती गाईडची. हे मला खटकतं. ‘नाही’ म्हणायची ताकद गाईडला नियमाने दिली पाहिजे. त्याने गाडी थांबवायला सांगितली की ती थांबलीच पाहिजे, आणि त्यावरून पाहुण्याची तक्रार आली तर विभागाने गाईडच्या पाठीशी उभं राहिलं पाहिजे.

परतीच्या वाटेवर आमच्या गाईडचे डोळे लाल झालेले दिसले. मी विचारलं तेव्हा कळलं, आदल्या रात्री तो जागलीवर होता. अभयारण्याला लागूनच त्याचं वावर आहे. रब्बीत हरभरा पेरला की रानडुकरं येतात, रोही येतात. एका रात्रीत कळपाने येऊन महिन्यांची मेहनत उलथून टाकतात. म्हणून मचाणावर बसून, टॉर्च मारत, डबा वाजवत रात्र काढायची. “रातभर डुकरं हाकलतो अन् सकाळी तेच पाहुण्याइले दाखवतो,” तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. त्याच्या आजूबाजूच्या वावरांत काही जण तारेत करंट सोडतात. डुकरासाठी लावलेल्या त्या तारेत वाघ मरतो, कधी शेजाऱ्याचा बैल, कधी स्वतः शेतकरी. हा माणूस ते करत नाही, कारण ज्या जनावरावर त्याचं सकाळचं पोट चालतं ते रात्री त्याच्या बांधावरून जातं, हे त्याला माहीत आहे.

पण हे समीकरण फार थोड्या घरांत जुळलेलं आहे. गेटवर नाव नोंदवलेले गाईड मोजके, आणि बांधाला बांध लागलेली वावरं शेकडो. ज्याच्या घरात सफारीचा एक रुपया येत नाही त्याने रानडुकरं का सोसावीत? नुकसानभरपाई आहे, पण आधी कळवा, मग पंचनामा, मग वाट बघा. पीक उभं असतानाच पंचनामा झाला आणि पैसे पुढच्या पेरणीआधी हातात पडले तर करंटची तार कमी होईल, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. शिवाय सफारीच्या उत्पन्नातला वाटा फक्त गेटच्या गावाला मिळता कामा नये, ज्या बांधावरून वॉकरसारखी पोरं बाहेर पडतात त्या बांधापर्यंत तो गेला पाहिजे.

२०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले, २०१८ मध्ये ३१२ होते. संख्या वाढली, बेटं तेवढीच राहिली. वाढलेले वाघ कुठे जातात, हे सगळ्यांत आधी त्या बेटांच्या काठावरच्या माणसाला कळतं. १ जुलैला पावसाळ्यासाठी सफारी बंद होते, ती सप्टेंबर संपेपर्यंत. ते तीन महिने आमचा गाईड पऱ्हाटीत असतो, निंदण, डवरणं, फवारणी. वाघ त्या दिवसांतही येतो-जातो, पंजे ओल्या काळ्या मातीत उमटतात, धुळीतल्यापेक्षा जास्त स्पष्ट. कोण कुठून आलं, कुठे गेलं, मादी की नर, हे त्याला रोज दिसतं. पण त्या तीन महिन्यांत त्याचं ते ज्ञान कुठल्याही वहीत नोंदवलं जात नाही, आणि त्याचा कोणताही मोबदला त्याला मिळत नाही. वनविभागाने या गाईडांना पावसाळ्यात बांधांवरच्या पंज्यांची नोंद ठेवण्याचं काम रोजीने द्यावं. कॅमेरे अभयारण्याच्या आत लावलेले असतात. बाहेरच्या वावरात फक्त हीच माणसं आहेत.