लष्करी वाद्यवृंदातील संचलनगीतांची लय : स्वरूप आणि वाद

प्रस्तावना

15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीच्या संचलनात केडगाव-दौंड परिसरातील विद्यार्थीही बँडच्या तालावर पावले टाकतात. संचलनगीताची योग्य लय कोणती, हा प्रश्न त्या वेळी सहसा कोणी विचारत नाही. लष्करी संगीताच्या इतिहासात मात्र तो वारंवार वादाचा विषय ठरला आहे. या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

लय आणि पाऊल

संचलनगीतात साधारणपणे एका मात्रेला एक पाऊल पडते. त्यामुळे लय बदलली की चालण्याचा वेग बदलतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश सैन्यात साधी चाल मिनिटाला 75 पावलांची, तर जलद चाल 108 पावलांची होती. पुढे जलद चालीचा वेग 116 ते 120 पर्यंत वाढला. 'लाइट इन्फन्ट्री' पलटणी 140 पावलांनी चालू लागल्या. 'मराठा लाइट इन्फन्ट्री' या नावातील 'लाइट' हा शब्द याच परंपरेतून आलेला आहे. याउलट फ्रान्सचे 'फॉरेन लीजन' आजही 88 पावलांनीच चालते.

पाऊल 30 इंचांचे धरल्यास 120 च्या लयीत मिनिटाला सुमारे 91 मीटर, तर 140 च्या लयीत सुमारे 107 मीटर अंतर कापले जाते. 108 पावलांच्या काळात रचलेली धून आज 120 च्या लयीत वाजवावी काय, या वादाचे मूळ येथे आहे. जुन्या लयीत धुनेचा मूळ डौल टिकतो. नव्या लयीत आजच्या सैनिकाचे पाऊल जुळते.

'वन्दे मातरम्'चा प्रश्न

महाराष्ट्राशी निगडित असा एक प्रसंग या संदर्भात उद्बोधक आहे. 25 ऑगस्ट 1948 रोजी संविधान सभेत पंडित नेहरूंनी राष्ट्रगीताची धून वाद्यवृंदावर व बँडवर सहज वाजवता यावी, ही अपेक्षा मांडली. 'वन्दे मातरम्' त्या दृष्टीने सोयीचे नाही, असे त्यांचे मत होते. आळंदी येथे जन्मलेले व 'प्रभात'च्या चित्रपटांचे संगीतकार म्हणून ख्यातनाम झालेले मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर (1898–1974) यांनी हा आक्षेप संगीताच्याच आधारे खोडून काढण्याचा प्रयत्न केला. मिश्र झिंझोटीत त्यांनी या गीताची समूहाला गाता येईल व बँडवर वाजेल अशी चाल बांधली आणि दिल्लीत तिचे सादरीकरण केले.

विलंबित लयीतील लांब स्वर आणि मींड एकट्या गायकाला शोभतात. पावलाला मात्र ठळक मात्रा लागते. म्हणून बँडसाठी चाल बांधताना सुटसुटीत स्वर, निश्चित विराम आणि समान मात्रा आवश्यक ठरतात. 24 जानेवारी 1950 रोजी 'जन गण मन' राष्ट्रगीत म्हणून घोषित झाले व 'वन्दे मातरम्'ला समान सन्मान देण्यात आला. तथापि, रागसंगीतातील चाल बँडवर उतरवता येते, हा मास्तरांचा मुद्दा त्यामुळे निकालात निघत नाही.

येथे एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. राष्ट्रगीत उभ्या तुकडीसाठी असते, संचलनगीत चालत्या तुकडीसाठी. 'जन गण मन'ला सुमारे 52 सेकंद लागतात. परंतु त्यापूर्वी ड्रम किती वेळ घुमावा, हे शासकीय आदेशात संथ चालीच्या 7 पावलांनी सांगितले आहे. उभ्या तुकडीच्या संगीतातही काळाचे माप पाऊलच आहे.

समारोप

सारांश, संचलनगीताला एकच शाश्वत लय नसते. ती वाजवण्याचे प्रयोजन आणि चालणाऱ्यांची पावले यांवरून ठरते. लहान विद्यार्थ्यांचे पाऊल 30 इंचांपेक्षा आखूड असते. त्यांना मोठ्यांच्या वेगाने पल्ला गाठायला लावल्यास रांग विस्कळीत होते. म्हणून शाळा-महाविद्यालयांच्या बँडप्रमुखांनी प्रथम विद्यार्थ्यांना वाद्यांविना चालवावे, त्यांची सहज पावले मोजावीत आणि नंतरच ढोलाचा ठेका निश्चित करावा.